कुंभकर्णाला उठवणारा पेनड्राइव्ह

मुलांनो, १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो का? तुमच्यापैकी कुणाच्या बाबांची नाहीतर ताईची त्या दिवशी ऑफिसात चांगलीच तारांबळ उडाली असेल. जगभरातले लाखो संगणक एकाएकी निळे पडले. निळे म्हणजे पडदा निळा, त्यावर एक रडका चेहरा आणि खाली 'संगणकात बिघाड झाला आहे' अशा अर्थाची ओळ. बंद करून परत सुरू करावा, तर पुन्हा तोच रडका चेहरा! विमानतळांवर रांगाच रांगा लागल्या. हैदराबादच्या विमानतळावर एका प्रवाशाला चक्क हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला. त्याचा फोटो देशभर फिरला.

झालं होतं काय? क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं एक सुरक्षा सॉफ्टवेअर मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या संगणकांवर पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. त्या पहारेकऱ्यासाठी कंपनीने एक नवी फाइल पाठवली आणि नेमकी तिच्यातच चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक त्यामुळे आडवे झाले.

आता खरी पंचाईत पुढेच आहे. कंपनीने ती चूक साधारण सव्वा तासात दुरुस्त केली होती, बरं का! सुधारलेली फाइल इंटरनेटवर तयार होती. पण ती घ्यायला संगणक आधी उठायला तर हवा! वैद्य औषध घेऊन दारात उभा, रोगी आत बेशुद्ध, आणि दाराला आतून कडी. मग तंत्रज्ञ मंडळी एकेका संगणकापाशी जाऊन बसली. एक-दोन दिवसांत मायक्रोसॉफ्टनेही एक साधन दिलं. ते पेनड्राइव्हवर घालायचं, पेनड्राइव्ह आजारी संगणकाला लावायचा आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा. आतली बिघडलेली फाइल निघाली की झालं काम.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा? हो. गाणी आणि फोटो न्यायला आपण जो वापरतो ना, तोच पेनड्राइव्ह. आज मी तुम्हाला असाच एक पेनड्राइव्ह करायला सांगणार आहे. तो झोपलेल्या संगणकाला उठवेल, आणि शिवाय त्याच्याच पोटात तुमच्या अख्ख्या संगणकाची प्रत ठेवलेली असेल.

आधी संगणक उठतो कसा ते पाहू. तुम्ही बटण दाबता तेव्हा विंडोज लगेच सुरू होत नाही. सुरुवातीला जागी होते ती मदरबोर्डवरची एक छोटीशी चिप. तिच्यातल्या आज्ञावलीला जुने लोक बायोस म्हणतात, नव्या संगणकांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ती आधी हजेरी घेते. मेमरी आहे? हजर. कीबोर्ड? हजर. मग ती विचारते, 'पुढचा कारभार कुणाकडे देऊ?' तिच्याजवळ एक यादी असते. पहिल्या नंबरावर बहुतेक आतली डिस्क असते. त्या डिस्कवरचं विंडोज मेमरीत चढतं आणि मग आपल्याला ओळखीचा पडदा दिसतो. या सगळ्याला म्हणतात बूट होणं. इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. ती धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ती मूळ कल्पना. आपण म्हणू, स्वतःचीच शेंडी धरून स्वतःला उभं करायचं! संगणक रोज सकाळी हा चमत्कार करतो.

पण त्या यादीत आपण पहिल्या नंबरावर पेनड्राइव्ह आणून ठेवला तर? मग चिप सगळा कारभार पेनड्राइव्हवरच्या आज्ञावलीकडे देते. आतल्या डिस्कवरचं विंडोज बिघडलेलं असो, विषाणूने खाल्लेलं असो, तिकडे ती ढुंकूनही बघत नाही. ही युक्ती काही नवी नाही. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी संगणक फ्लॉपीवरून सुरू करत. त्या चौकोनी फ्लॉपीत १.४४ एमबी एवढंच मावायचं. आज १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आपल्या अंगठ्याएवढा असतो. तेवढ्यासाठी सुमारे ८९ हजार फ्लॉप्या लागल्या असत्या. एकावर एक रचल्या तर चार कुतुबमिनार होतील! म्हणूनच आता उठवणारी आज्ञावली आणि संगणकाची पूर्ण प्रत, दोन्ही एकाच काडीत मावतात.

पूर्ण प्रत म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण इथे मोठी माणसंही गोंधळतात. फोटोंचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला की फोटो वाचले. ते चांगलंच आहे. पण विंडोज, मराठी टंकलेखन, प्रिंटरची सोय, सगळ्या सॉफ्टवेअरची मांडणी हे कॉपी-पेस्टने येत नाही. पूर्ण प्रत घ्यायची तर डिस्क जशी आहे तशी, तिच्या कप्प्यांसकट उतरवून घ्यावी लागते. तिला इमेज म्हणतात. आणि ती घ्यायला संगणक बाहेरून उठवणंच सोयीचं, कारण विंडोज चालू असताना त्याच्या फाइली सारख्या हलत असतात. फोटो काढताना बाळ वळवळतं तसं. बाळ झोपलं की फोटो छान येतो.

आमच्या शाळेत हे सगळं का करावं लागलं, ते थोडक्यात सांगते. आमची शाळा खेड्यातली, पहिली ते चौथी. शाळेत देणगीतून आलेला एक जुना संगणक आहे. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांनी गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. एकूण ४१ ओव्या जमल्या. सगळ्या त्या संगणकात साठवल्या, आणि मोबाइल भरला म्हणून त्यातून पुसल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी संगणक कुरकुर करायला लागला, सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायची. ओव्या सांगणाऱ्या आज्यांपैकी एक त्याच सुमारास वारल्या. तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा बंद पडला तर आजींचा आवाज पण बंद?"

त्याच दुपारी आम्ही ओव्या दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतल्या, आणि पुढच्या शनिवारी पूर्ण प्रतीच्या तयारीला लागलो. तुम्हीही करून बघा, मात्र घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. का ते पुढे कळेलच.

सामान फार नाही. चांगल्या कंपनीचा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह. 'दोन टीबी, फक्त तीनशे रुपये' अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका. असले पेनड्राइव्ह खोटं आकारमान दाखवतात, आणि भरल्यावर तुमच्या फाइली गायब होतात. दुसरं, व्हेंटॉय नावाचं मोफत सॉफ्टवेअर. ते २०२० पासून मिळतं. आणि तिसरं रेस्क्यूझिला, तेही मोफतच. ते आयएसओ नावाच्या एकाच फाइलच्या रूपात येतं, साधारण एक-दीड जीबीचं. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, भलत्याच ठिकाणाहून नको. रेस्क्यूझिलाचा मोठा भाऊ आहे क्लोनझिला. तो तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झाला. त्याचा पडदा काळा-निळा आणि प्रश्नांनी भरलेला. मला तो आवडतो, पण मुलांसाठी बटणांचा रेस्क्यूझिलाच बरा. दोघांच्या प्रती एकमेकांना वाचता येतात, हे विशेष.

आता व्हेंटॉय उघडा. ते विचारतं, कोणता पेनड्राइव्ह? इथे घाई नको! व्हेंटॉय बसवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. ते दोनदा विचारतं आणि दोन्ही वेळा आपण पटकन 'हो' म्हणतो, तिथेच घात होतो. नाव आणि आकार मोठ्याने वाचा, शेजारच्या मोठ्या माणसाला 'बरोबर ना?' म्हणून विचारा, आणि मगच पुढे जा. संगणकाला दुसरा कुठलाही पेनड्राइव्ह लावलेला नको.

बसवण्याआधी एक छोटी गोष्ट करायची, आणि बरेच जण तीच विसरतात. व्हेंटॉयच्या पर्यायांमध्ये पेनड्राइव्हच्या शेवटी काही जागा राखून ठेवायची सोय आहे. १२८ पैकी ११० जीबीच्या आसपास राखून ठेवा. कशाला? असं बघा, संगणक व्हेंटॉयच्या भागावरून उठतो, म्हणजे त्या वेळी तो त्या भागावर बसलेला असतो. त्याच भागात प्रत लिहायला गेलात तर 'हा भाग कामात आहे' म्हणून तो अनेकदा अडून बसतो. आपण बसलेली सतरंजी आपणच कशी झाडणार? म्हणून दोन खोल्या. पुढच्या खोलीत उठवणारी आज्ञावली, मागच्या खोलीत प्रत.

व्हेंटॉय बसलं की पुढच्या खोलीत रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल नुसती कॉपी करा. ती उघडायची नाही, फोडायची नाही. नुसती कॉपी, एवढंच! व्हेंटॉयची हीच तर मजा आहे. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मागच्या रिकाम्या जागेची खोली तयार करा. तिचा प्रकार एनटीएफएस ठेवा. एफएटी३२ हा जुना प्रकार नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. इथेही जागा निवडताना डोळ्यांत तेल घालून बघा. आतल्या डिस्कला हात लावायचा नाही.

झाली किल्ली तयार. आता कुलपाला लावून बघू. संगणक 'रीस्टार्ट' करा. नुसतं 'शट डाउन' केलं तर विंडोज पुष्कळदा पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून डुलकी घेतं. सकाळी लवकर उठता यावं म्हणून! अशा अर्धवट झोपलेल्या डिस्कची प्रत घेताना अडचण येते. 'रीस्टार्ट' केलं की मात्र ते सगळं आवरून झोपतं. पडदा काळा होऊन कंपनीचं नाव दिसायला लागलं की बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच संगणकांत ती एफ१२ असते. एचपीत एस्केप दाबून मग एफ९. यादी येईल, तिच्यातून पेनड्राइव्ह निवडा. आमच्याकडे हे तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या दोन वेळा विंडोज आमच्याआधी पळालं आणि पोरं जोरात हसली.

काही संगणकांत सिक्युअर बूट नावाचा राखणदार असतो. तो पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर 'हा पाहुणा कोण?' असं विचारतो आणि पाहुण्याची किल्ली नोंदवून घ्यायला लावतो. व्हेंटॉयच्या संकेतस्थळावर त्याची चित्रं आहेत, ती बघून करा. तुमच्या घरी विंडोज ११ असेल तर आणखी एक गोष्ट आधीच तपासा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. पुष्कळांना आपल्या संगणकाला ते आहे हेच माहीत नसतं. असं कुलूप असेल तर ४८ आकड्यांची एक परतकिल्ली असते. ती आईबाबांकडून शोधून घेऊन कागदावर लिहून ठेवा. त्या जुलैत कित्येक ठिकाणी तंत्रज्ञ पेनड्राइव्ह घेऊन आले, पण हे ४८ आकडेच सापडेनात! शिवाय कुलूपबंद डिस्कमध्ये भरलेलं काय आणि रिकामं काय हे रेस्क्यूझिलाला कळत नाही. मग ते रिकाम्या जागेसकट सगळंच उचलतं आणि पेनड्राइव्ह अपुरा पडतो.

कुलूप नसेल तर काम सोपं. रेस्क्यूझिलाचा पडदा आला की 'बॅकअप' दाबा. कशाची प्रत घ्यायची? आतल्या डिस्कची. कुठे ठेवायची? पेनड्राइव्हच्या मागच्या खोलीत. नाव द्या, त्यात तारीख घाला. आमच्या शाळेची डिस्क ५०० जीबीची, पण भरलेली जेमतेम ५२ जीबी. रेस्क्यूझिला फक्त भरलेला भाग उचलतं आणि दाबून बारीक करतं. प्रत झाली ३६ जीबीची. दीड तास लागला. फोटो, चित्रफिती फार असतील तर प्रत इतकी बारीक होत नाही, कारण त्या आधीच दाबलेल्या असतात. गादी एकदा दाबून बांधली की आणखी किती दबणार?

प्रत झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मी मुलांना म्हटलं, थांबा, अजून अर्धं काम बाकी आहे. आणि मग त्यांना एका सिनेमाची गोष्ट सांगितली.

'टॉय स्टोरी २' तुम्ही पाहिला असेल. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत त्याचं काम चाललं होतं. सगळी चित्रं संगणकात. एके दिवशी कुणीतरी फाइली पुसायची आज्ञा भलत्याच ठिकाणी दिली. पडद्यावरून वुडीची टोपी गेली, बूट गेले, मग वुडीच गेला! बघता बघता सिनेमाचा बराचसा भाग नाहीसा झाला. हरकत नाही, बॅकअप आहे ना? होता. रोज घेतला जात होता, असं सगळ्यांना वाटत होतं. उघडून बघितला तर तो कितीतरी दिवस नीट होतच नव्हता! वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्रज्ञ बाई बाळ लहान असल्यामुळे घरून काम करत, आणि त्यांच्या घरच्या संगणकात सिनेमाची एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून कंपनीत आणला, अगदी तान्ह्या बाळासारखा. पुढे कथाच पसंत पडेना म्हणून सिनेमाचा बराच भाग नव्याने करावा लागला, ती गोष्ट वेगळी. १९९९ च्या नोव्हेंबरात तो झळकला.

पिक्सारमध्ये बॅकअप घेणारी माणसं हुशार नव्हती का? चांगली हुशार होती. पण बॅकअप उघडून बघायचं काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. म्हणून आमच्या वर्गात ते काम दोघांकडे दिलं. रेस्क्यूझिलात 'व्हेरिफाय' असं बटण आहे, त्याने प्रत धड आहे की नाही ते कळतं. आणखी एक 'इमेज एक्स्प्लोरर' आहे. त्याने प्रत न उलगडता तिच्या आत डोकावता येतं. आमच्या दोघा तपासनिसांनी आत डोकावून ओव्यांचा फोल्डर शोधला, मोजला आणि वहीत लिहिलं : 'एक्केचाळीस आहेत.'

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या सोमवारी संगणक सुरूच झाला नाही. आतून नुसता टिक् टिक् आवाज. डिस्क गेली होती. तालुक्याच्या दुकानातून नवी आणली, १ टीबीची. परत उतरवताना नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते, लहान चालत नाही. दुकानदाराने ती बसवून दिली. मग पेनड्राइव्ह लावून, एफ१२ दाबून रेस्क्यूझिला उठवलं आणि 'रीस्टोअर' दाबलं. हे बटण सगळ्यांत धोक्याचं, कारण ज्या डिस्कवर प्रत उतरते तिच्यावरचं जुनं सगळं जातं. आमची डिस्क कोरी होती. तरी वर्गाने एका सुरात तिचं नाव आणि आकार वाचला, मगच मी बटण दाबलं.

पाऊण तासाने पेनड्राइव्ह काढून संगणक सुरू केला. तोच पडदा, पोरांनी लावलेलं शाळेच्या सहलीचं चित्र, सगळे आयकॉन जागच्या जागी. ओव्या आमच्याकडे दुसरीकडेही होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तपासनीस पोरीने सरळ त्या वारलेल्या आजींचीच फाइल उघडली. जात्याची घरघर आली आणि मागोमाग आवाज. त्यांचा नातू आमच्याच वर्गात आहे, दुसऱ्या बाकावर. तो म्हणाला, "परत लावा."

आता एक-दोन गोष्टी वापराच्या. पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवायचा नाही, काम झालं की काढायचा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांतल्या फाइलींना कुलपं ठोकली आणि किल्लीसाठी पैसे मागितले. असा विषाणू संगणकाला जे जे जोडलेलं सापडेल त्या सगळ्याला कुलूप लावू शकतो. जोडलेलंच नसेल तर काय लावणार! आणि पेनड्राइव्ह काही अमर नसतो. त्याच्यातली विजेच्या भाराने साठवलेली माहिती वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली तर विरू शकते. म्हणून तीन-चार महिन्यांनी नवी प्रत घ्या, ती तपासा, आणि मगच जुनी पुसा. हा क्रम उलटा करू नका. शिवाय जी गोष्ट पुन्हा मिळणारच नाही, घरातले आवाज, जुने फोटो, तिची आणखी एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, मामाकडे नाहीतर आत्याकडे.

आमचा पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या कपाटात एका काडेपेटीत असतो. काडेपेटीवर मुलांनी तारीख, प्रतीचं नाव आणि 'बूट मेनू : एफ१२' असं लिहिलंय. तुमच्या घरच्या संगणकाची कळ कोणती आहे? ती आज संध्याकाळीच शोधून ठेवा, संगणक धडधाकट आहे तोवर. तो निळा पडल्यावर ती कुठे लिहिलीय हे तो सांगणार नाही.